तालाताचा अजगर

नाबोलगोत बस यायची ती बुधवारी आणि शनिवारी. त्या दोन दिवशी आतिपोका उजाडताच अंगण झाडून काढायची, हातापायांना शियाच्या बियांचं लोणी चोळायची, डोक्याला निळा रुमाल बांधायची आणि दाराशेजारच्या मातीच्या ओट्यावर ताठ बसून राहायची. उरलेले पाच दिवस त्या ओट्याकडे कुणी फिरकत नसे. कोंबड्या यायच्या, पण कोंबड्यांशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? तरी ती बोलायचीच.

बसमधले लोक फार लांबून आलेले असत. घानाच्या राजधानीत, आक्राला, विमानातून उतरायचं, समुद्रकाठचे जुने किल्ले बघायचे, तिथल्या तळघरांत उभं राहून रडायचं, मग कुमासी, मग तामाले, आणि हाडं खिळखिळी झाली की सगळ्यात शेवटी इथे, उत्तरेच्या टोकाला. त्यांतल्या कित्येकांच्या खापरपणज्यांना इकडूनच गुलाम म्हणून दोरखंडाला बांधून किनाऱ्याकडे नेलं होतं. कुठल्या गावातून, कुणाच्या घरातून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ते सगळ्याच घरांना आपलं घर म्हणायचे. कुणी भिंतीला गाल लावून उभं राहायचं, कुणी चिमूटभर माती कागदात बांधून घ्यायचं. आतिपोकाला सुरुवातीला ते चमत्कारिक वाटायचं. शेणामातीच्या भिंतीला गाल लावला की गाल लाल होतो, एवढंच तिला माहीत होतं.

ती भिंत हे मात्र तिचं खरं वैभव. गोल खोलीची गोल भिंत, तांबड्या मातीचा हात दिलेली. त्यावर काळ्यापांढऱ्या तिकोनांचे पट्टे, फुटक्या भोपळ्याच्या कपच्या मांडाव्यात तसे. आणि दारावर मातीत उठवलेला दंडाएवढा जाड अजगर. शेपटी पार छपराजवळ, तिथून दोन वळसे घेऊन डोकं उंबऱ्याच्या बाजूला उतरलेलं. घरात शिरणाऱ्याकडे तो जरा तिरकं बघतोय असं वाटायचं. पाहुण्यांचे निम्मे फोटो त्याचेच असत.

पण दोन हंगाम झाले, त्या भिंतीला हात लागला नव्हता. खालचा पट्टा पोपडे धरून गळत होता. बोट लावलं तरी माती भुरभुरायची. यंदा लिंपली नाही तर पावसाळ्यात खोली बसणार, हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती. याच आवारात कधीकाळी अकरा खोल्या होत्या. आता चार उभ्या होत्या, आणि सात ठिकाणी मातीचे ढीग होते. त्या ढिगांवर आतिपोका भेंडी लावायची. पडक्या खोलीवरची भेंडी चांगली येते.

एकटीने भिंत होत नाही. माती, शेण आणि दावादावाच्या झाडाच्या शेंगांचा काढा पायांनी तुडवायला तीन बायका लागतात, लिंपायला चार. एकीने लिंपत जायचं, मागून दुसरीने गुळगुळीत गोट्याने घोटत जायचं, तिसरीने काळा दगड वाटून रेघा ओढायच्या, चौथीने पांढरं भरायचं. आणि हे सगळं भिंतीच्या अंगात ओल आहे तोवर. एकदा हार्मटानचा कोरडा वारा सुटला की भिंत कुणासाठी थांबत नाही. मागच्या वर्षी आतिपोकाने मागची एक भिंत हट्टाने एकटीने लिंपून पाहिली होती. पुरी व्हायच्या आत पहिली अर्धी तडकली. संध्याकाळी त्या भेगांसमोर बसून ती एकटीच हसली होती, आणि मग बराच वेळ रडली होती.

बायका मिळत का नव्हत्या, हे तिला चांगलं माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी, तिचा नवरा अझुरे गेला त्याच कोरड्या हंगामात, बसमधून लोरेन नावाची एक बाई उतरली होती. अमेरिकेची, काळी, उंच, पांढऱ्या केसांची. बाकीचे फोटो काढत होते तेव्हा ही नुसती भिंतीसमोर उभी होती. मग तिने वाटाड्या जेरोमला काहीतरी विचारलं. जेरोम शेजारच्या गावचा, नवरोंगोच्या मिशन शाळेत शिकलेला, गावात त्याला आयाम्बिरे म्हणत, बसमध्ये जेरोम.

"मावशी, ही विचारतेय, भिंत कुणी केली? नाव सांग म्हणते."

"सांग, घरातल्या बायकांनी केली."

असंच सांगायचं असतं. भिंत घरची असते, तिला कुणा एकीचं नाव नसतं. कुणी विचारलंच तर माती, पाणी आणि बायका, एवढं बोलून विषय संपवायचा. जेरोमने तसं सांगितलं. पण लोरेनने मान हलवली आणि आणखी खूप बोलली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"ती म्हणते, तिच्या पणजीच्या आईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. जहाजाच्या कागदावर नुसतं 'एक बाई' असं होतं. म्हणून जिथे जाते तिथे ती बाईचं नाव विचारते. नाव सांगितल्याशिवाय हलायची नाही म्हणते. मावशी, बस खोळंबलीय. भिंत तू केलीस ना? तुझं नाव सांगू?"

आता खरं काय ते सांगायला काय हरकत होती? अजगर तालाताचा होता. तालाता तिची थोरली जाऊ. सबंध नाबोलगोत अजगर काढावा तो तिनेच. रेघा लामिसीच्या होत्या, पांढरं तिच्या बहिणीने, असिबीने, भरलं होतं. आतिपोकाने लिंपलं होतं आणि घोटलं होतं, जे कुणीही करतं. पण अझुरेला पुरून वीस दिवस झाले होते. दोन्ही मुलगे कुमासीहून आले होते ते तिसऱ्या दिवशी परत गेले होते. जन्मभर तिला कुणी अझुरेची बायको म्हटलं होतं, कुणी थोरल्या मुलाची आई, आणि तालाता तर चाळीस वर्षं नुसतं 'धाकटे'. समुद्रापलीकडून आलेली एक बाई डोळ्यांत पाणी आणून तिचं नाव विचारत होती. आतिपोकाने मान डोलावली.

"हो," ती म्हणाली. "आतिपोका."

लोरेनने तिला मिठी मारली. मग खूण म्हणून भिंतीवर हात उमटवायला सांगितलं. आतिपोकाने काळ्या रंगात तळवा बुडवला आणि दारापाशी, अजगराच्या डोक्याखाली वीतभर अंतरावर, तो दाबला. जेरोमने काडीने खाली नाव खरवडलं. त्या वेळी कुंपणापलीकडे तालाता उभी होती, हातात मडकं घेऊन. मडकं डोक्यावर ठेवून निघून गेली.

त्यानंतर कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आतिपोका रिवाजाप्रमाणे पिटोचं, म्हणजे ज्वारीच्या घरगुती दारूचं, मडकं घेऊन घरोघरी गेली, अमुक दिवशी भिंत लिंपायचीय म्हणून सांगून आली. सगळ्यांनी पिटो घेतली, चांगली उतरलीय म्हणाल्या, आणि त्या दिवशी एकही बाई आली नाही. तालाताने तर पिटोही सुनेला घ्यायला लावली. स्वतः आत बसून राहिली.

आणि तालाताचा तोरा तरी काय! समोरून जायची, तोंडावर माशी बसली तरी हलणार नाही असा चेहरा करून, आणि बघायचीसुद्धा नाही. भिंतीला हात लावत लावत, सावकाश, राणीसारखी. एकदा तर कहर झाला. भर दुपारच्या लख्ख उन्हात ती अंगणातून गेली आणि आतिपोकाचं पाण्याचं मडकं तिने सरळ लाथेने उडवलं. फुटलं. आतिपोकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डोळे फुटले का तुझे?" ती ओरडली.

तालाता थबकली. मग तशीच पुढे गेली. ते ऐकायला शेजारच्या विहिरीवरच्या चारपाच बायका होत्याच. तेव्हापासून तर विहिरीवर आतिपोका आली की बोलणं थांबायचं.

नाबोलगोत बाई मेली की तिचं झाकणाचं भोपळ्याचं भांडं, ज्यात ती आपलं किडुकमिडुक ठेवते आणि ज्यात दुसरं कुणी डोकावत नाही, ते तिच्याबरोबर भिंती लिंपलेल्या बायका तिच्या उंबऱ्यावर फोडतात. मग ती मोकळी होते. आतिपोका साठी ओलांडून गेली होती. आपलं भांडं कोण फोडणार, हा प्रश्न ओट्यावर बसल्या बसल्या तिच्या मनात यायचा. बस यायची वेळ झाली की ती तो बाजूला सारायची.

यंदाच्या हंगामात एका बुधवारी जेरोम उड्या मारत बसमधून उतरला. हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती.

"मावशी, बघ! आक्राहून छापून आली. पहिल्याच पानावर तू."

पानावर भिंत होती, अजगर होता, तळवा होता, आणि ओट्यावर निळा रुमाल बांधलेली ती.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, या भिंतीमागचा एकमेव हात, कलावंत आतिपोका. आता नशीब उघडलं तुझं! येत्या शनिवारी वीस जण येताहेत, खास तुझं काम बघायला. थोडं लिंपून दाखव, चार रेघा ओढ. बाकी कुणाला बोलावू नकोस हं. त्यांना फक्त तू हवीस."

"एकटीने भिंत होत नाही, आयाम्बिरे."

"अगं, करायची कुठे आहे? दाखवायचीय!" तो हसला. "तूही ना!"

बस गेल्यावर ती पुस्तिका मांडीवर घेऊन बसली. वाचता येत नव्हतं, पण 'एकमेव' हा शब्द डोक्यात घुमत राहिला. एकमेव तर ती होतीच. त्यासाठी आक्राहून छापून आणायची काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी ती लामिसीकडे गेली. लामिसी पन्नाशीची, तोंडाची फटकळ, मनाची बरी. अंगणात ज्वारी निवडत होती.

"काकू, आज इकडे कशी वाट चुकलीस?"

"भिंत लिंपायचीय. यंदा नाही झाली तर बसेल."

"बसू दे की. पत्रे टाक. तुझे मुलगे कुमासीत काय पत्रे विकत नाहीत?"

"लामिसी, मी नीट विचारायला आलेय."

लामिसीने सुपातून डोकं वर काढलं. "मग आधी जिथे जायला हवं तिथे जा. तालाताकडे गेलीस? एवढं बोललीस तिला चारचौघांत, नंतर एकदा तरी जाऊन बघितलंस? ती आली तर आम्ही सगळ्या येऊ. तिच्याशिवाय तुझ्या भिंतीला हात लावायचा नाही, असं ठरलंय आमचं."

"मी बोलले? आणि तिने माझं मडकं फोडलं ते?"

लामिसी तिच्याकडे बघतच राहिली. "काकू," ती म्हणाली, "तुझ्या मनाला काही म्हणजे काही वाटत नाही का गं?" आणि तिने सूप उचललं आणि आत गेली.

आतिपोका घरी आली. तालाताकडे जाणं म्हणजे पन्नास पावलं, पण ती पावलं तिच्याने टाकवली नाहीत. जायचं आणि म्हणायचं काय? मी चोरी केली, असं? ते शब्द तिने दिवसभर कोंबड्यांसमोर म्हणून पाहिले. मग तिने ठरवलं की शनिवारी सांगायचं. जिथे खोटं बोललो तिथेच, पाहुण्यांसमोर, दिवसाउजेडी. तालाता कुंपणापलीकडेच बसते. ऐकेल.

शुक्रवारी तिने माती आणली, शेण कालवलं, शेंगा उकळल्या. एकटीने तुडवता तुडवता गुडघे कामातून गेले. तरी गारा तयार झाला.

शनिवारी बस आली. वीस माणसं अंगणात अर्धगोल करून उभी राहिली. जेरोमने नेहमीचं पाठ केलेलं बोलून घेतलं आणि तिच्याकडे वळला.

"मावशी, दोन शब्द बोल. मी सांगतो त्यांना."

आतिपोका उभी राहिली. तिने आवाज चढवला, कुंपणापलीकडे जाईल एवढा.

"ही भिंत मी केली नाही. अजगर तालाताचा आहे, माझ्या थोरल्या जावेचा. तिच्यासारखा हात या गावात दुसऱ्या कुणाचा नाही. रेघा लामिसीच्या. पांढरं असिबीने भरलं. मी नुसतं लिंपलं. नाव सांगायची वेळ आली तेव्हा मी माझं एकटीचं सांगितलं. मी खोटं बोलले."

जेरोमच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं. मग तो पाहुण्यांकडे वळून बोलू लागला. आतिपोकाला इंग्रजी येत नव्हतं, पण ती कान देऊन ऐकत होती. माणसाचं नाव कुठल्याही भाषेत तेच राहतं. तालाता म्हणायचं तर तालाताच म्हणावं लागतं. जेरोम बोलला, बराच बोलला, छातीवर हात ठेवून बोलला. त्यात तालाता नव्हती, लामिसी नव्हती, असिबी नव्हती. आतिपोका मात्र दोनदा आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय सांगितलंस त्यांना?"

"तेच, मावशी. तू फार साधी आहेस, सगळ्यांचे आभार मानतेस म्हणून."

"मी नावं घेतली. ती सांग."

"अगं, एवढी नावं कोण लक्षात ठेवतं? पुस्तिका छापून झाली ना आता! उगाच भलता तमाशा करू नकोस. थोडं लिंपून दाखव, चल."

ती गाऱ्याच्या टोपलीकडे गेली. दोन्ही ओंजळी भरून घेतल्या आणि पहिला हात मारला तो आपल्या काळ्या तळव्यावर. तळवा गेला, खालचं नाव गेलं. ती थांबली नाही. पट्ट्यांवर, तिकोनांवर, दारावर ओंजळीमागून ओंजळ मारत गेली. अजगराचं डोकंसुद्धा खरवडून बुजवलं, वळसे बुजवले, स्टुलावर चढून शेपटी बुजवली. दोन वर्षं त्या अजगराने तिच्याकडे तिरकं बघितलं होतं. आता पुरे झालं. जेरोम "मावशी! मावशी!" करत मागे नाचत होता. पाहुण्यांना वाटलं, हेच दाखवायला आणलंय. ते भक्तिभावाने चित्रण करत राहिले. मग ऊन तापलं, बस निघून गेली.

भिंत ओली होती. आणि नाबोलगोत एक रिवाज आहे, तो भांडणाच्याही वरचा. ओली भिंत दिसली की जाणाऱ्या बाईने चार हात मारल्याशिवाय पुढे जायचं नाही, वैरिणीची असली तरी. आतिपोकाला ते माहीत होतं. म्हणूनच तिने सगळी भिंत एकदम ओली करून ठेवली होती. आता ती गोटा घेऊन घोटत बसली आणि वाट बघू लागली.

लामिसी आली, डोक्यावर पाण्याचं घमेलं. भिंत बघून जागीच थांबली. घमेलं उतरवलं, गोटा उचलला, चार हात मारले. एक, दोन, तीन, चार. घमेलं उचललं आणि गेली. असिबी आली. तिनेही चारच मारले. आणखी एक सून आली, तिचेही चार. रिवाज पाळला गेला, एक हात कमी नाही, एक जास्त नाही. आतिपोकाला वाटलं, यापेक्षा कुणी आलंच नसतं तर बरं. वारा सुटला होता. वरची कड फिकट पडायला लागली होती.

मग कुंपणाच्या बाजूने पावलं वाजली. तालाता भिंतीला हात लावत सावकाश येत होती. आतिपोका उठून उभी राहिली. तालाता तिच्या अगदी जवळून गेली, तिच्याकडे न बघता. दारापाशी आली आणि दोन्ही तळवे ओल्या भिंतीवर ठेवले. बोटं वर सरकवली, उजवीकडे नेली, डावीकडे नेली, पुन्हा वर. काहीतरी शोधत होती. चेहरा भिंतीकडे नव्हताच, भलत्याच बाजूला वळलेला होता.

आतिपोकाने दोन वर्षांत पहिल्यांदा जावेच्या तोंडाकडे नीट बघितलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय आली होती.

"कुठे गेला?" तालाता म्हणाली.

आतिपोकाने गाऱ्याचा हात त्या डोळ्यांसमोर हलवून बघितला.

"अगं ए, माझा अजगर कुठे गेला? तू बाजाराला गेलीस की मी येऊन हात फिरवून जाते त्याच्यावरून. इथे डोकं होतं."

"मी लिंपला, अक्का," ती कशीबशी म्हणाली. "माझा हात पुसायचा होता. त्याच्याबरोबर..." ती जवळ सरकली. "अक्का, तुझे डोळे?"

"आता विचारतेस? विहिरीवरच्या बायकांदेखत ओरडून झालं, डोळे फुटले का म्हणून. मी घरी जाऊन सुनेला म्हटलं, धाकटीला कळलं आणि तिने ते गावभर केलं."

"मला माहीत नव्हतं! अक्का, देवाशप्पथ मला माहीत नव्हतं. मला वाटलं तू रागाने... मला वाटलं, त्या काळ्या हाताचा राग आहे."

"राग होता की. पहिलं वर्ष चांगला होता. असा राग की तुझं तोंड बघू नये." तालाताने तळवे भिंतीवरून आणखी वर सरकवले. "मग तोंड दिसेनासंच झालं. रंगवायला काय येणार होते मी? पिटो घ्यायला बाहेर आले असते तर तुझ्या मडक्यात पाय घातला असता. तसाही घातलाच."

मध्ये पन्नास पावलं होती. त्या पन्नास पावलांच्या अंतरावर एक माणूस आंधळं झालं आणि आपल्याला पत्ता नाही. आतिपोका मटकन ओट्यावर बसली आणि तोंडावर गाऱ्याचे हात धरून ढसाढसा रडली. तालाता तशीच उभी होती, तळवे भिंतीवर.

"तो शेवटचा होता," ती म्हणाली. "काढताना मला माहीत नव्हतं शेवटचा म्हणून. नाहीतर जरा लांब काढला असता."

मग तालाताने अंगठा भिंतीत रुतवून बघितला.

"रडून झालं असलं तर उठ. अजून ओल आहे, पण फार नाही. डोक्याकडून सुरू कर."

"मला तुझ्यासारखा येत नाही."

"ते मला सांगतेस? चाळीस वर्षं बघतेय तुझं काम. सरळ रेघ ओढायची तर तुझी वाकडी जाते. हात दे इकडे."

तिने आतिपोकाचा हात चाचपून पकडला, मनगटाशी, घट्ट. गाऱ्याचा लांबट गोळा दोघींनी मिळून वळला. डोकं झालं, पहिला वळसा झाला. तालाता हात फिरवून बघायची, "इथे पोट बारीक झालं, त्याला काय जेवायला नाही?" म्हणायची, आणि पुन्हा मनगट धरायची. शेपटीपर्यंत पोचेतो वरची माती सुकली होती. तिथे अजगर अडखळला, त्याला भलत्याच जागी गुडघा आल्यासारखं झालं.

"इथे बिघडला," तालाता म्हणाली.

"हो."

"राहू दे. अजगर म्हातारा झाला म्हणू." आणि ती सावकाश, भिंतीला हात लावत, घरी गेली. आतिपोका म्हणाली होती की पोचवायला येते. तिने नको म्हटलं.

बुधवारी बस आली. आतिपोकाने ओट्यावर दोन चटया टाकल्या होत्या. एकीवर तालाताला आणून बसवलं होतं, डोक्याला धुतलेला रुमाल बांधून. भिंतीवर ना पट्टे होते ना तिकोन, नुसती तांबडी माती आणि वाकडा अजगर. जेरोमचं तोंड उतरलं.

"मावशी, हे काय करून ठेवलंस? यांना काय दाखवू मी?"

आतिपोका त्याच्या जवळ गेली. "आयाम्बिरे, आज मी बोलणार नाही. तू बोलायचंस. तिचं नाव घ्यायचंस, मोठ्याने. मी ऐकतेय. नाही ऐकू आलं तर उद्यापासून हे आवार तुझ्या बसला बंद."

जेरोमने सुस्कारा सोडला आणि बोलायला लागला. पण ऊन चढलं होतं, पाहुणे थकलेले होते, आणि पुस्तिकेतली भिंत त्यांना कुठेच दिसत नव्हती. दोघे-तिघे चुळबुळ करत सावलीकडे सरकले. बाकीचे बसच्या पायऱ्यांपाशी जाऊन पाणी प्यायला लागले. ओट्यासमोर एक म्हातारा उरला होता, तोही आपल्या चष्म्याची काच पुसत. जेरोमच्या परक्या बोलण्यात मध्येच स्वच्छ आलं: तालाता.

तालाताने मान ताठ केली आणि रुमाल सारखा केला.

"माझं नाव घेतलं ना गं त्याने?"

"घेतलं."

"किती जण आहेत, धाकटे?"

आतिपोकाने रिकाम्या अंगणाकडे बघितलं. चष्मेवाला म्हाताराही आता बसकडे वळला होता.

"अंगण भरलंय, अक्का," ती म्हणाली. "उभं राहायला जागा नाही."